मुर्री नाक्यावरचा भात

माझ्या मामीनं आयुष्यात कोणालाही "अजून भात पाहिजे का?" असं विचारलं नाही. तिच्या मते तो प्रश्नच अपमानाचा. विचारलं म्हणजे आता पुरे करा असं सुचवलं. गोंदिया स्टेशनजवळच्या तिच्या खानावळीत पळसाच्या पत्रावळीवर भात पडत राही आणि जेवणाऱ्यानं आडवा हात धरला की थांबे. नुसतं "बस" म्हटलेलं तिला ऐकू येत नसे. "तोंड लाजते गा, हात खरं सांगते," असं ती म्हणायची. माझा हात खरं सांगायला फार उशीर लावायचा, हे माझ्या त्या वेळच्या फोटोत आजही दिसतं.

मी तेव्हा शेजारच्या मुर्री गावाच्या रस्त्यावर कमेटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, जकात नाक्यावर मोहरीर, म्हणजे कारकून, होतो. गाडी आली की आत काय आहे ते पाहायचं, वहीत दर शोधायचा, जकात घेऊन पावती द्यायची आणि आडवा बांबू उचलायचा. मला ही मोठ्या हुद्द्याची जागा वाटे. मामी खानावळीत नव्या माणसाला माझी ओळख करून द्यायची, "हा आमचा भासा. याले बांबू उचलाची नोकरी भेटली." मामा कोपऱ्यात लाकडं फोडता फोडता मान हलवायचे. मामीच्या बोलण्याला मान हलवणं आणि लाकडं फोडणं, ही दोन्ही कामं ते सारख्याच मन लावून करत.

जर्मनची लढाई लांबली तशी महागाई घरात घुसली. तांदूळ, तेल, सरपण, सगळंच चढलं. त्यात कमेटीनं जकात वाढवली आणि खानावळीच्या लायसनचे पैसेही. स्टेशनजवळच्या दुसऱ्या दोन खानावळींनी भाताची कटोरी सुरू केली. एक कटोरी जेवणात, पुढची विकत. मी मामीकडे फुकट जेवत असल्यामुळे सल्ला देणं मला कर्तव्य वाटलं. म्हटलं, "मामी, तूही कटोरी काढ. नाहीतर दिवाळीपर्यंत खानावळ टिकणार नाही."

"कायले काढू?" ती म्हणाली. "दूर केशोरी गावचा माणूस धान विकाले येते. आपण पिकवलेला भात माह्या दारात मोजून खाईन का तो? चूल मातीनं बुजवून टाकीन गा, पण भात मोजाची नाही."

मामांनी मान हलवली. या वेळी मात्र जरा हळू.

आठ दिवसांनी खानावळीतली चूल खरंच थंड दिसली. मी मागच्या परसापर्यंत धावत जाऊन आलो. त्यात मामीची काळजी किती आणि माझ्या जेवणाची किती, ते मी आजवर तपासलेलं नाही. मामी तिथं नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाक्यावर उगवली, मुर्रीच्या बाजूनं, तिच्या भावाच्या खाचरात, म्हणजे बैलगाडीत, बसून. खाचरात तणसाच्या पेंढ्यात रोवलेले पितळेचे तीन मोठे गुंड, हंड्याएवढे, तोंडाला फडकी बांधलेली. वाफेचा वास बांबूच्या अलीकडे केव्हाच आला होता.

"काय आहे गाडीत?" मी सरकारी आवाजात विचारलं.

"भात."

"किती?"

"मोजला नाही कधी. तुले माहीत हाये."

मग सगळं उलगडलं. तिनं चूल मुर्रीला भावाच्या खळ्यावर नेली होती. तांदूळ तिथलाच, लाकडं तिथलीच. यातलं काहीच नाका ओलांडत नव्हतं. ओलांडत होता तो शिजलेला भात. मी वही उघडली. धान होतं, तांदूळ होता, पोहे, मुरमुरे, कोंडासुद्धा होता. भात नव्हता. मागं गाड्या तुंबल्या. मी घाम पुसत म्हटलं, "तांदूळ धरून वजन करतो."

"कर ना. पण याच्यात अर्धं पानी हाये, मुर्रीच्या विहिरीचं. पान्याचीबी जकात घेऊन रायला का आता?"

मागचे गाडीवान हसले. एक जण ओरडला, "अरे बाबू, सोड ना, भात थंडा होऊन रायला." मी निरोप धाडून कमेटीचे हेडक्लार्क बडेबाबू यांना बोलावलं. त्यांनी वही पाहिली, गुंडांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "किताब में भात है ही नहीं, तो रोकोगे काहे को?" आणि त्यांनी स्वतः बांबू उचलला. माझी नोकरी दुसऱ्यानं केलेली मी तेव्हा प्रथम पाहिली.

चार महिने असा भात आला. मग वहीत नवी ओळ चढली: शिजवलेलं अन्न. ती ओळ वरून आलेल्या कागदावरून मला माझ्याच अक्षरात लिहावी लागली. मामीची गाडी आली तेव्हा मी खाली पाहूनच म्हटलं, "मामी, आता लागते."

तिनं कमरेची पिशवी सोडून पैसे दिले आणि म्हणाली, "पावती दे. भात असं मोठं लिव."

दुपारी जेवायला जायची लाज वाटत होती. तरी गेलो, कारण भूकही वाटत होती. दारासमोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला माझी पावती टोचलेली. जेवण दोन पैशांनी महागलं होतं आणि कोणी विचारलं की मामी त्या पावतीकडे बोट दाखवत होती. "साऱ्या गोंदियात भाताची जकात भरणारी मीच एक," हे ती असं सांगे, की ऐकणाऱ्याला तो मान वाटावा. कटोरी कुठंच नव्हती. मी मात्र दुसऱ्याच वाढीला पत्रावळीवर हात आडवा धरला.

मामी भाताचं ताट घेऊन उभी राहिली. "हात उचल. नाक्यावरचा बांबू इथं नोको आणू."

मी उचलला.

ती पावती केशोरीच्या कोणीतरी वाचून घेतली असावी. त्या हंगामापासून तिकडचे लोक धान विकायला येताना वाट वाकडी करून मुर्रीच्या खळ्यावर गमछ्यात बांधलेला तांदूळ ठेवून पुढे येऊ लागले. कोण किती ठेवतो हे मामीनं कधी पाहिलं नाही. मोजायचं नाही म्हणजे कुठंच नाही. खानावळ टिकली, लढाई संपली, महागाई तेवढी राहिली.

स्वातंत्र्य यायच्या आधीच्या हिवाळ्यात मामी आजारी पडली. मुर्रीलाच, चुलीजवळच्या खोलीत. पेजेशिवाय काही जात नव्हतं आणि ती पाजायचं काम मी मागून घेतलं होतं. एका सकाळी दोन घोटांनंतर तिनं वाटीवर आडवा हात धरला. तिचाच नियम, तो मोडायची माझी काय बिशाद.

पण माझ्या तोंडून निघून गेलं, "हात उचल, मामी. इथं बांबू नोको आणू."

ती माझ्याकडे बघून हसली. हात उचलून तिनं पांघरुणावर ठेवला आणि मी काही न विचारता पुढचा चमचा भरला.