पुस्तकावरची पाटी

खाजामियाँनी मोबाइल ज्वारीच्या डब्याला टेकवून उभा केला, घसा खाकरला आणि मुखपृष्ठापासून वाचायला घेतलं. काम मधूनच सुरू करणं त्यांना जमत नसे. पुस्तकाचं नाव झालं, लेखकाचं झालं, छापखान्याचा पत्ता झाला. मग आलं, "या पुस्तकातील कोणताही भाग प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय छायाप्रत काढून, ध्वनिमुद्रित करून..."

तिथं ते थांबले. मोबाइल चालूच होता.

शेजारच्या दैवशालाची निकिता समोर खुर्चीत बसली होती. वय एकोणीस. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचे पडदे सुटले, दोन ऑपरेशनं झाली, नजर गेली ती गेलीच. कॉलेज मात्र तिनं सोडलं नव्हतं. राज्यशास्त्राचा पेपर वीस दिवसांवर होता आणि पुस्तक फक्त छापील मिळत होतं. पानांचे फोटो काढून मोबाइलकडून वाचून घ्यावं, तर जोडाक्षर आलं की तो बरळायचा. मागच्या खेपेला याच विषयात ती राहिली होती. आता राहिलीस तर कॉलेज बंद, असं बापानं सांगून टाकलं होतं.

"का थांबलात, चाचा?"

"ध्वनिमुद्रित म्हणजे आपण करतोय तेच की. करू नका म्हणून लिहिलंय."

"ते सगळ्याच पुस्तकावर लिहितेत. वाचा पुढं. आन् जरा हळू. मला दिसत न्हाय, ऐकू येतंय चांगलं."

आवाजाला इलाज नव्हता. खाजामियाँ ढोकीच्या साखर कारखान्यात तेहेतीस वर्षं बॉयलरवर होते. तिथं बोलणं म्हणजे ओरडणंच. आणि तिथलाच एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता. बॉयलर साफ करायला माणूस आत उतरला की वाफेच्या व्हॉल्व्हवर पत्र्याची पाटी अडकवायची. ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. साहेब आला, पाळी बदलली, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली, तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आत माणूस असतो. खाजामियाँनी परक्याच्या पाटीला कधी हात लावला नव्हता आणि त्यांच्या पाळीत कधी कुणी भाजलं नव्हतं.

"ज्यानं पाटी लावली त्याला विचारतो," ते म्हणाले आणि मोबाइल बंद केला.

त्याच दिवशी त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, दोनदा उतरवून काढलं आणि रजिस्टर टपालानं पाठवलं. फोनही लावला. तो कुणी उचलला नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. कामाच्या माणसाला याच्यासारखी शिक्षा नाही. पोस्टमन यायच्या वेळेला ते फाटकात जाऊन उभे राहायचे. घरात येऊन पुस्तक उघडायचे, मनातल्या मनात दोन पानं वाचायचे, मिटायचे. पाचव्या दिवशी चांगला चालणारा नळ खोलून पुन्हा बसवला.

"बैठो ना जी एक जागा," त्यांची बायको बेगमबी वैतागून म्हणाली. "पाँव को चाकां लगे क्या?"

तेराव्या दिवशी निकिता भिंतीला हात लावत स्वतः आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"आलं का पत्र?"

"न्हाय अजून."

"तुमच्या पाटीपायी माझं वरीस जाईल, चाचा. तुम्हाला वाचायचंच नव्हतं तर तसं सांगायचं. आमी दुसरा माणूस बघितला असता."

खाजामियाँना बोल लागला. तेहेतीस वर्षांत कामचुकार म्हणून त्यांना कुणी हिणवलं नव्हतं.

निकितानं धाराशिवच्या एका कॉलेजातल्या बसवेश सरांना आदल्या दिवशी फोन केला होता. सर जन्मापासून आंधळे. अशा वाचनाला परवानगी लागतच नाही, कायदाच तसा आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. तेही तिनं आता ऐकवलं.

"सांगितल्यानं भागत न्हाय," खाजामियाँ म्हणाले. "कागद बघतो." आणि मिळेल त्या एसटीनं धाराशिव गाठलं.

बॉयलरच्या पाटीपासून सगळं ऐकून घेऊन बसवेश सरांनी कपाटातून अचूक एक फाइल काढली आणि पुढं सरकवली. "कॉपीराइट कायदा, कलम बावन्न. वाचा. मी नुसतं सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही."

खाजामियाँ बोट ठेवून मोठ्यानं वाचत गेले. मजकूर किचकट होता. पण अर्थ निघाला. छापलेलं वाचता न येणाऱ्या अपंग माणसासाठी पुस्तक त्याला वापरता येईल अशा रूपात कुणीही करून देऊ शकतो. त्याच्या स्वतःच्या वापरासाठी, शिक्षणासाठी. ते कॉपीराइटचं उल्लंघन ठरत नाही. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे कधीपासून हाय?"

"दोन हजार बारापासून."

"मग पुस्तकावर का लिहीत न्हाईत तसं?"

"ते त्यांना विचारा, पत्र पाठवून," सर हसत म्हणाले. "खाजाचाचा, तुमची पाटी बरोबर आहे. ती या व्हॉल्व्हची नाही, एवढंच. फक्त हा आवाज डोळसांच्या बाजारात जाऊ देऊ नका. ती पाटी तुम्ही लावायची."

परतीच्या एसटीत खाजामियाँना उभं राहावं लागलं. उभ्या उभ्याच त्यांनी हिशोब केला. दिवस सात, पानं एकशे शहाण्णव. रोजची अठ्ठावीस. पहिल्या दिवशीच सुरू केलं असतं तर रोज दहानं भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर ते वाचायला बसले. गळीत हंगाम सुरू झाला होता. उसाचे ट्रॅक्टर टेपवर गाणी लावून घरावरून जायचे आणि राज्यघटनेच्या मधोमध ढोलकी वाजायची. तेवढं पुसून पुन्हा वाचायचं. बेगमबीनं खिडकीला दोन गोधड्या टांगल्या. आत उकडू लागलं. तिसऱ्या दिवशी घसा बसला. निकिता म्हणाली, तळटिपा सोडा, त्या कोण विचारतंय? खाजामियाँनी एकही सोडली नाही. चुकलेलं वाक्य पहिल्यापासून घ्यायचे, म्हणून अठ्ठावीसची कधी सव्वीस व्हायची, कधी पंचवीस.

पेपरच्या दिवशी सकाळी अकरा पानं उरली. एसटीत त्यांनी निकिताच्या कानाशी सात वाचली. पुढच्या सीटवरच्या माणसानं दोनदा वळून बघितलं. केंद्राच्या फाटकाशी घंटा झाली. लेखनिक म्हणून आलेली अकरावीतली शिवांजली निकिताचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

चार पानं राहिली.

खाजामियाँ लिंबाखाली बसले. उठले. फाटकापर्यंत गेले, परत आले. शेवटी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि एकशे त्र्याण्णवावं पान उघडलं. आता त्याचा निकिताला आज काही उपयोग नव्हता. पण अर्धं काम टाकून माणूस बसतो कसा?

दुपारच्या पेपरला आलेला एक पोरगा ऐकत उभा राहिला. "काका, मलाबी पाठवा की. वाचायचा ताप वाचंल."

"डोळे हायेत का तुला?"

"हायेत की."

"मग वाच."

शेवटचं पान संपल्यावर त्यांनी वेगळं एक वाक्य ध्वनिमुद्रित केलं. हे वाचन ज्यांना छापलेलं वाचता येत नाही त्यांच्यासाठीच आहे, इतरांना देऊ नये. शेवटी नाव, गाव. पाटी लावून झाली.

तीन तासांनी निकिता बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"राहिलेल्या चार पानांतलं काही आलं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"एक प्रश्न आला. पाच मार्काचा. सोडून द्यावा लागला."

ते पाच मार्क कुणी घालवले हे खाजामियाँना सांगावं लागणार नव्हतं.

"आन् बाकीचं?"

"बाकीचं सगळं आठवलं. तुमच्याच आवाजात." निकिता हसायला लागली. "शिवांजली म्हणली, ताई, हळू सांग, मी काय बहिरी हाय का? दोनदा पर्यवेक्षक येऊन दटावून गेले."

एसटी यायला अवकाश होता. खाजामियाँ तिथंच घुटमळले.

"पुढच्या सत्राची पुस्तकं कधी मिळतेत?"

"अजून निकाल कुठं लागलाय, चाचा!"

"निकाल लागंल तवा लागंल," ते म्हणाले. "पुस्तक आत्ता घेऊ."

आणि तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवून ते पुस्तकांच्या दुकानाच्या दिशेनं चालू लागले.