नळावरचे कपडे

रविवारी सकाळी जिन्यात आम्ही चौघे होतो: मी, माझी बायको सुमन, शेजारचे साळवी आणि त्यांच्या मिसेस. पायऱ्या अठरा. साळवीवहिनी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन बोलत बोलत वर पोचल्या. सुमन सहाव्या पायरीवर थांबली, मग दहाव्या.

ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात साळवी आणि मी बावीस वर्षं एकाच मशीनवर होतो. वहिनी त्यांना कामाच्या कपड्यांत घरात घेत नसत. ते खालच्या नळावर स्वतःच कपडे धुवायचे. मी विचारायचो, "काय साळवी, आज आत घेणार का?" सगळे हसायचे. माझे धुळीने पांढरे झालेले कपडे सुमन गॅलरीत झटकून धुवायची, आणि मला त्याची ऐट वाटायची.

त्याच धुळीने तिच्या फुप्फुसाच्या आवरणाला कॅन्सर झाला, असं डॉक्टर म्हणतात. माझा एक्स-रे स्वच्छ आहे.

साळवींचा मला हेवा वाटतो. वहिनी जिना चढू लागल्या की मी मनात पायऱ्या मोजतो, आणि एकदा तरी त्यांना दम लागावा असं वाटतं. त्या दिवशीही मोजत होतो, नकळत ओठ हलत होते.

सुमन चौदाव्या पायरीवर होती. म्हणाली, "अहो, त्यांच्या कसल्या मोजताय? मला हात द्या."