संबळाचा डावा हात

“सोळा बटनाचं नका दाखवू ताई. दादाची मूठ पडली का चार बटनं संगच वाजतात.”

रामदासभाऊंचं बरोबर होतं. काउंटरवर ठेवलेला सॅम्पलर दिसायला देखणा होता. स्क्रीन, दिवे, बोटाएवढे सोळा पॅड. त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं फोनवर हेच मॉडेल सांगितलं होतं. पण भाचा बोटांनी वाजवतो. शंकरभाऊ मुठीनं वाजवणार होते.

चिखलीत माझं वाद्यांचं आणि साउंड सिस्टिमचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही मीच करते. रामदास आणि शंकर हे भाऊ गोंधळ घालतात. लग्नानंतर घरोघर देवीचा गोंधळ असतो, त्यात रामदास तुणतुणं धरून गातात आणि थोरले शंकरभाऊ कमरेला संबळ बांधून वाजवतात. संबळ म्हणजे जोडीनं बांधलेले दोन नगारे. उजवा लहान आणि कडक, डावा मोठा आणि घुमणारा. गेल्या वर्षी शंकरभाऊंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. ते चालते-फिरते झाले, पण डाव्या हाताची मिटलेली बोटं उघडत नाहीत. काडी धरता येत नाही. हात उचलून खाली टाकता येतो, एवढंच.

येत्या शुक्रवारी उंद्रीला गोंधळ होता. आज सोमवार.

“जळगाव जामोदचा एक संबळवाला पाह्यला म्या,” रामदासभाऊ हळू आवाजात म्हणाले. “पण दादा म्हनते, त्याले आनशीन तर मी घरीच राह्यतो. अन् एकदा घरी बसला ना, मंग तो काई उठत नाई.”

दादा चार हातांवर स्टुलावर बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

“बाई, हे वाजवनं नोय,” ते म्हणाले. “बटन दाबनं हाय. बटन तर माही नात बी दाबते.”

मी वाद घातला नाही. गिऱ्हाइकाला पटवण्यापेक्षा वस्तू हातात देणं सोपं असतं.

सॅम्पलर म्हणजे आवाजाचा डबा. त्याला स्वतःचा आवाज नसतो. तुम्ही जो रेकॉर्ड करून भराल तो पॅड दाबल्यावर बाहेर येतो. म्हणजे यांच्याच संबळाच्या डाव्या नगाऱ्याचा आवाज भरायचा. उजवा नगारा शंकरभाऊ खरा वाजवतील, डावा डब्यातून येईल.

अकोल्याच्या डिस्ट्रिब्युटरला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, मोठंच द्या ना. त्यात दोनशे आवाज आहेत.”

“मला दोन पाहिजेत.”

“फ्यूचरमध्ये लागले तर?”

“संबळाला तिसरा नगारा फुटणार नाही. चार पॅडचं साधं आहे का?”

होतं. सोळावाल्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत. स्क्रीन नाही, तळहाताएवढे चार रबरी पॅड, दोन नॉब, आणि सेलवर चालणारं. सेल महत्त्वाचे. लग्नघरी लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा एसटीनं आला. दोघं भाऊ संबळ घेऊन आले.

डाव्या नगाऱ्यातून दोन प्रकारचे आवाज निघतात. एक ठोका. दुसरा घुमारा, वाकड्या टोकाची काडी चामड्यावर घासून काढलेला, गाय हंबरावी तसा. काडी रामदासभाऊंनी धरली. ठोका चांगला आला. घुमारा मात्र तीनदा बिघडला, तेव्हा शंकरभाऊ उठले.

“काय बे, घासून राह्यला का खरवडून? आन इकडे.”

त्यांनी काडी उजव्या हातात घेतली आणि पहिल्याच फटक्यात घुमारा काढला. तोच भरला.

मग सेटिंग. ठोक्याला ‘वन शॉट’ ठेवलं. म्हणजे एकदा मारलं की आवाज पूर्ण वाजून संपतो. घुमाऱ्याला ‘होल्ड’ ठेवलं. म्हणजे हात दाबून ठेवाल तोवर घुमेल, उचलला की बंद. मूठ शेजारच्या पॅडवर पडली तरी चूक होऊ नये म्हणून डावीकडच्या दोन्ही पॅडमध्ये घुमारा भरला आणि उजवीकडच्या दोन्हींमध्ये ठोका. चार पॅडचे दोन केले.

त्यांनी ब्लूटूथ स्पीकर आणला होता. मी म्हटलं, “ब्लूटूथवर नाही चालणार. वायरनंच जोडायचं.”

“काऊन?”

“दाबल्यावर आवाज उशिरा येतो. गाण्याला फरक पडत नाही. तालाला पडतो.”

वायर लावली, डबा कमरेच्या उंचीच्या स्टँडवर ठेवला. शंकरभाऊंनी उजव्या हातानं खऱ्या नगाऱ्यावर ताल धरला आणि डावी मूठ टाकली. पहिले काही ठोके मागे-पुढे झाले. मग त्यांनी घुमाऱ्यावर हात ठेवला, लांबवला, मध्येच तोडला, पुन्हा लांबवला. हात हलवला तसा आवाज हलत होता. दहा मिनिटं त्यांनी दुकानात दुसरं कोणाला बोलू दिलं नाही. मी दोन गिऱ्हाइकांना खुणेनंच बाहेर थांबवलं.

“कसं वाटलं, भाऊ?” शेवटी मी विचारलं.

“ठीक हाय,” ते म्हणाले. “बटनच हाय पन.”

डबा घेऊन गेले. मला खात्री नव्हती.

शुक्रवारी सकाळी शटर वर करतानाच रामदासभाऊंचा फोन आला. मागे गाय हंबरत होती. गाय नव्हती, तो घुमारा होता.

“ताई, हा थांबूनच नाई राह्यला! हात बी नाई लावला अन् घुमून राह्यला!”

“सेल काढा आणि इकडे या.”

अकराच्या आत दोघं आले. मी डबा उघडायला घेतला आणि बोटं पिवळी झाली. पॅडच्या कडांमध्ये हळद, कुंकू, एक झेंडूची पाकळी. डावीकडचं रबर उचललं. त्याच्या आणि खालच्या सेन्सरच्या मध्ये अक्षतांचा एक दाणा बसला होता. सेन्सरला दाब कळतो, हात आणि तांदूळ यांतला फरक कळत नाही. तो दाणा सकाळपासून घुमारा वाजवत होता.

“पूजा केली?” मी विचारलं.

रामदासभाऊंनी कानाला हात लावले. “म्या नाई. दादानं केली. नारळ बी फोडत होता वरून, म्या हात धरला.”

शंकरभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, “वाद्य हाय. पुजल्याबिगर उभं राहू का त्याच्यासंग देवीपुढं?”

मंगळवारपर्यंत ते बटन होतं.

मला राग आला होता, पण स्वतःचा. मी आवाज विचारला, सेल विचारले, स्पीकर विचारला. नवं वाद्य घरी आलं की पहिल्यांदा त्याचं काय करता, हे विचारलं नाही. माझं निम्मं आयुष्य या जिल्ह्यात वाद्यं विकण्यात गेलं. खंडेनवमीला मी स्वतः सोल्डरिंग गनला हळद-कुंकू वाहते.

ब्रशनं सगळं साफ केलं. नारळाचं पाणी आत गेलं नव्हतं, हे नशीब. आता पूजा करू नका असं सांगण्यात अर्थ नव्हता. केलीच असती. समोरच्या पंक्चरवाल्याकडून मोटरसायकलची जुनी ट्यूब आणली, उभी कापली, धुतली, आणि चारही पॅड झाकतील अशी वरून सैल बसवून कडा चारी बाजूंनी चिकटवल्या. रबरामुळे दाब कमी पोचत होता, म्हणून सेन्सिटिव्हिटीचा नॉब थोडा वाढवला.

“आता करा पूजा,” मी म्हटलं. “फक्त पाणी नको.”

शंकरभाऊंनी मूठ टाकून पाहिली. ठोका आला, घुमारा आला. पण काळ्या रबराखाली एक पॅड कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो ते दिसेना. मी मार्कर शोधत होते. तोवर त्यांनी खिशातून पुडी काढली. घुमाऱ्याच्या बाजूला कुंकवाचं बोट ओढलं, ठोक्याच्या बाजूला हळदीचं.

“झालं,” ते म्हणाले.

संध्याकाळी मी उंद्रीला गेले. भक्ती म्हणून नाही. स्पीकरपर्यंत वायर लांब टाकायची होती आणि मला आवाज ऐकायचा होता. शंकरभाऊ स्टँडपाशी उभे होते. उजव्या हातात काडी, डावी मूठ कुंकवावर. रामदासभाऊ गात होते आणि एकदाही मागे वळून बघत नव्हते. माझ्या शेजारच्या बाईंनी नवऱ्याला विचारलं, “दुसरा संबळवाला कुठं बसला हो?” मी अर्ध्या तासानं निघाले. काम चालू होतं.

तेव्हापासून पॅड, कीबोर्ड, मिक्सर काहीही विकताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारते. याची पूजा कोण करणार, आणि कशानं? लोक हसतात. पुष्कळजण उत्तर देतात.

मागच्या आठवड्यात कॉलेजची एक मुलगी आली. गाणी बनवते, तिलाही चार पॅडचंच पाहिजे होतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हणाली, “आमच्याकडे असलं काही कोणी करत नाही.”

“आईला फोन लाव,” मी म्हटलं.

तिनं लावला. विचारलं. मग फोन खाली ठेवून म्हणाली, “हळद, कुंकू, अक्षता.”

मी ट्यूब आणि कात्री काढली.