फोटोमागची ओळ

ताईला दिसत नसे. मोबाइलच्या काचेवर तिचं बोट तांदूळ निवडल्यासारखं फिरायचं आणि मोबाइल तिला पडद्यावरचं वाचून दाखवायचा. घरच्या फोटोंची वेबसाइट दादाने आणि मी केली, तेव्हा मात्र त्यातून एकच शब्द येत राहिला: चित्र, चित्र, चित्र.

"अरे, पण चित्रात आहे काय?" तिने विचारलं.

"तुला काय करायचंय? बघणारे बघतील," दादा म्हणाला.

"बरं, मी चित्र-चित्र खेळत बसते," ताई हसली. मी गप्प राहिले. आपण पाहिलं की सगळ्यांनी पाहिलं, असंच डोळसांना वाटतं.

ताई गेली. आता मी रोज एकेका फोटोमागे त्याचं वर्णन लिहिते. ते पडद्यावर दिसत नाही. मोबाइल वाचून दाखवतो तेव्हाच ऐकू येतं. आईची हिरवी साडी लिहिली, पायरीवर बसलेली ताई लिहिली. शेवटच्या फोटोत दादा ताईच्या तसबिरीला हार घालतो आहे. त्यामागे लिहिलं: "हिला एकही फोटो ज्याने सांगितला नाही, तो हा भाऊ. शेजारी गप्प उभी आहे, ती मी."

काल दादाने साइट पाहिली. "सुरेख दिसतेय गं," म्हणाला.

त्याला काचबिंदू आहे. नजर हळूहळू जाते आहे. मला घाई नाही.