खाडीचं पाणी उलटं चाललं होतं

बायको जायच्या आधी एकच बोलली होती, "मले तुंबलेल्या पाण्यात नोका सोडू." आमची वैनगंगा धरण झाल्यापासून पवनीच्या घाटाखाली उभीच राहते. वाहणं विसरली. म्हणून तिच्या अस्थी घेऊन मी पोरीकडे कोकणात गेलो. जावई तिकडे बंदरावर नोकरीला आहे.

समुद्र कधी पाहिला नव्हता. पाहायची हौसही उरली नव्हती. जावयानं मला आणि पोरीला खाडीवर नेलं. मला ती नदीच दिसली. दोन काठ, मध्ये पाणी, पुढं समुद्र. कोणाला विचारायचं काय त्यात? पाणी खालीच जाते. घरून पळसाच्या पानांचा द्रोण नेला होता. त्यात अस्थी ठेवल्या, मांडीभर पाण्यात उतरून समुद्राकडे तोंड करून सोडल्या.

द्रोण माझ्या मांडीला घासून मागं निघाला, गावाकडे. पोरगी रडायला लागली. "बाबा, आई वापस येऊन राहिली."

होडीत एक कोळीण जाळं साफ करत होती. तिनं वल्ह्यानं द्रोण अडवला, माझ्या हाती दिला.

"आजोबा, भरती चढतेय. आता सोडाल ते वरच्या गावाला जाईल."

"नदी उलटी काहून वाहील?"

"वाहतेय ना तुमच्यासमोर. ओहोटी लागू द्या. मग अडवलंत तरी थांबायचं नाही."

जावई म्हणाला, "मामाजी, घरी चला, जेवून येऊ."

"तुम्ही जा. मी इथंच बसतो."

द्रोण मांडीवर घेऊन बसलो. पाणी चढत चढत होड्यांपाशी आलं आणि थांबलं. ना इकडे, ना तिकडे. पवनीसारखंच तुंबलं. एवढं दूर येऊन हेच पाहायचं होतं, असं वाटलं.

"थांबा, वळेल," कोळीण म्हणाली.

वळलं. पाण्यावरचा कचरा हळूहळू समुद्राकडे सरकू लागला. मी उठलो तर तिनं हटकलं. "काठाला नको. काठाचं पाणी जागीच गरगरतं. मधल्या धारेत चला." तिनं मला होडीत घेतलं. मधोमध द्रोण सोडला, तो मागं न पाहता गेला.

"पुन्हा भरती येईल तेव्हा?" मी विचारलं.

"तोवर बाहेरच्या धारेला लागेल. ती धार किनाऱ्याकिनाऱ्यानं लांब नेते."

तिच्यावर भरवसा होता, तरी काठावरून हललो नाही. पोरगी डबा घेऊन आली, तो तसाच राहिला. दिवस कलताना भरती आली. पाला आला, फेस आला, कोणाची तरी एक चप्पल आली. बायको आली नाही.

मग पोरीला म्हटलं, चल घरी.