अक्काच्या वाटणीचं पाणी

अक्काची दोन्ही मूत्रपिंडं कामावरून गेली आणि त्या रिकाम्या जागेवर मी हंगामी नोकरीला लागलो.

अक्का म्हणजे मला तम्मा, धाकट्या, म्हणणारी माझी थोरली बहीण. मळमड्डीत राहते. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे घरातही कुणी विनापरवानगी बोलत नाही. आठवड्यातून तीनदा हुबळीला जाऊन डायलिसिस घ्यायचं, तिथं यंत्र तिचं रक्त धुऊन देणार. मधल्या दिवसांत तिच्या पोटात काय जातं, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. घरचे म्हणजे तिची मुलगी आणि मी, कारण भावजी आता नाहीत. त्यात मुलीचं लग्न ठरलेलं, म्हणजे उरलो मी.

मला वाटलं, यात काय मोठं? पाणी मोजून द्यायचं, मीठ कमी घालायचं. चार दिवसांत माझी ऐट उतरली. पाणी नुसतं तांब्यात नसतं. ते सारात असतं, दह्यात असतं, कलिंगडात तर लपूनही बसत नाही. मीठ म्हणावं तर लोणच्यात आणि पापडात, आणि मीठ पोटात गेलं की तहान लागते, म्हणजे पुन्हा पाणी. अक्काला लघवी जवळजवळ होतच नव्हती. जे आत गेलं ते पुढच्या डायलिसिसपर्यंत आतच मुक्कामाला. आधी पावलं सुजायची, मग श्वास अडायचा. त्यात शेजारच्या काकू प्रेमानं शहाळी घेऊन आल्या. आजारी माणसाला शहाळं नेणं हा आमच्याकडे धर्मच. डॉक्टर मात्र ते ऐकून खुर्चीतून उठले. शहाळ्यात पोटॅशियम फार. ते बाहेर टाकायला कुणी नसलं की रक्तात साचतं आणि काळजाचा ठोका चुकवतं. ती शहाळी मी प्यायलो. नोकरीचा तेवढाच फायदा.

त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, की जे मला दिवसभर डोळ्यांत तेल घालून जमत नाही, ते मुठीएवढा अवयव कसं करतो? त्यांनी सांगितलं ते असं. मूत्रपिंड घाण शोधत बसतच नाही. ते रक्तातलं पाणी, मीठ, साखर, चांगलं-वाईट सगळं आधी गाळून बाजूला काढतं, आणि मग शरीराला जेवढं हवं तेवढं मोजून परत आत घेतं. उरलं ते बाहेर. म्हणजे तांदूळ निवडताना आई खडे वेचून टाकायची. इथं अख्खी परात रिकामी करून तांदळाचा दाणा न् दाणा वेचून डब्यात परत भरायचा. दिवसभर, रात्रभर, आणि आपण इकडे घोरतोय.

लग्न सोमवारी होतं. डायलिसिस शनिवारी झालं की पुढचं मंगळवारी. म्हणजे सगळ्यांत लांब खंडाच्या ऐन शेवटाला मुहूर्त. दोन किलोच्या वर वजन वाढलं तर धाप लागेल, असं डॉक्टर बजावून होते. अक्काचं मागणं एकच होतं. ती म्हणाली, "मला उभं राहून तिच्या डोक्यावर अक्षता टाकायच्यात. खुर्चीत बसून धापा टाकत नाही."

व्याही कलघटगीचे. माणसं मायाळू, आणि मायाळू माणसांइतका धोका दुसरा नाही. दिलेला पेला परत पाठवणं त्यांच्याकडेही नाही आणि आमच्याकडेही नाही. शिवाय त्या दिवशी तरी आजारी म्हणून मिरवायचं नाही, असा अक्काचा हट्ट. म्हणून आम्ही ठरवलं, की ती पेला घेणार, ओठांना लावणार आणि पदराआडून मागे देणार. मागे मी चोपदारासारखा उभा.

विहीणबाई पानक, म्हणजे गुळाचं सरबत, घेऊन आल्या. "स्वल्प कुडीरी, अक्का," असा कानडीत थोडं तरी पिण्याचा आग्रह केला. अक्कानं हसून ओठ लावले. उरलेलं मी संपवलं. मग त्यांची जाऊ ताक घेऊन आली, मग कॉफी, मग गार पाणी, मग पुन्हा पानक, कारण पहिलं अक्काला फार आवडलेलं दिसलं. पेले इतक्या चटकन रिकामे होताना पाहून तिकडच्या बायका कौतुकानं आणखी भरून आणू लागल्या. अक्का साकु साकु, पुरे पुरे म्हणत होती, पण लग्नघरात साकु कोण ऐकतो?

माझ्या शरीरात मात्र कुणीतरी ऐकत होतं. रक्तात पाणी जास्त झालंय ही बातमी माझ्या मेंदूला कळली, त्यानं पाणी धरून ठेवायचा हुकूम मागे घेतला आणि मूत्रपिंडांनी दारं सताड उघडली. मी एकदा जाऊन आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा आत असताना माइकवरून गुरुजींचा आवाज आला. मुलीला मंडपात आणायला मुलीच्या मामांनी यावं. थोड्या वेळानं पुन्हा, जरा चढ्या आवाजात. मुहूर्ताची घटका कुणासाठी थांबत नाही, आणि माझी घटकाही थांबायला तयार नव्हती.

बाहेर मामा रुसला की काय, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा अक्का उठून उभी राहिली आणि वर्गात बोलायची तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "येतोय तो. माझ्या वाटणीचं पाणी टाकायला गेलाय."

मी धोतर सावरत आलो तेव्हा सगळा मांडव हसत होता. विहीणबाईंना उलगडा झाला होता. त्यांनी हातातला भरलेला पेला हळूच खाली ठेवला. मी भाचीला घेऊन आलो. मंगलाष्टकं संपेपर्यंत अक्का उभी होती. तिनं टाकलेल्या अक्षतांतल्या निम्म्या माझ्याच टकलावर पडल्या, आणि नेम चुकला असं मला वाटत नाही.

मंगळवारी डायलिसिसच्या आधी तिचं वजन केलं. वाढ दोन किलोच्या आत. ती उतरल्यावर मीही काट्यावर चढलो. लग्नात घागरभर तरी प्यायलो असेन. काटा लग्नाच्या आधी होता तिथंच येऊन थांबला. मी उतरून पुन्हा चढलो. तिथंच.

अक्का पलंगावर आडवी होत माझ्याकडे बघत होती. नर्स तिच्या हातात सुई लावत होती.

"बघतोस काय, तम्मा," ती म्हणाली. "तुझी दोघं अजून कामावर आहेत. त्यांना मीठ कमी घाल."