गुलाबांसाठी ताक

मागच्या महिन्यात थंडी सरता सरता आमच्या पांढुर्ण्याच्या कॉलनीतल्या गुलाबांवर भुरी आली. पानांवर पांढरी पावडर, कळ्या आखडलेल्या… मोकळ्या जागेतली ही रांग आमच्या ह्यांनी लावलेली. पोळ्याच्या आधी ते गेले. तेव्हापासून घरात मी आणि टीव्ही.

कॉलनीच्या मीटिंगमध्ये ठरलं, रोगट झाडं काढायची आणि तिथं पेव्हर ब्लॉक टाकायचे. मी होळीपर्यंत थांबा म्हटलं. कुणी वाद घातला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पुण्याहून मुलाने औषधाची लिंक पाठवली. पण पोरं त्याच झुडपांत हात घालून बॉल काढतात, तिथं विष कसं फवारायचं? आमचे हे भुरीवर आंबट ताक पाण्यात पातळ करून, गाळून फवारायचे. रोगट पानं मी खुडली, दाट फांद्या छाटल्या. राहिलं ताक… आणि तिथंच गाडी अडली. एकट्या बाईच्या घरात ताक कुठून येणार? पाव लिटर दूध घेते, ते चहातच संपतं.

शेजारच्या वनिताकडे सावरगावच्या शेतावरून दूध येतं. भांडं घेऊन तिच्या दारात गेले, पण झाडांसाठी मागायला लाज वाटली. नुसतं 'ताक आहे का गं' एवढंच विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ना, तेच. तिनं भांडं भरून आणलं… मीठ, जिरं, वर बारीक चिरलेली कोथिंबीर.

मिठाचं ताक झाडांना चालत नाही. घरी येऊन ओट्यापाशी उभ्या उभ्याच मी ते पिऊन टाकलं, आणि रडू आलं. दुसऱ्या कुणी माझ्यासाठी केलेलं काही पोटात जाऊन किती महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगितलं. वनिता हसतच सुटली. "मंग कालच सांगाचं न काकू. आंबट ताक तं आम्ही रोज फेकूनच राहिलो. बसा, तुमच्यासाठी वेगळं आणते."

मग दर दोन-चार दिवसांनी जाणं सुरू झालं. ती सासूच्या गुडघ्याचं सांगते, मुलीच्या शाळेचं सांगते. मी ऐकते, पेलाभर ताक पिते आणि गुलाबांचं घेऊन घरी येते.

आता नवी पानं स्वच्छ आहेत, कळ्या उमलतायत. पेव्हर ब्लॉकचं नाव कुणी काढत नाही. खरं सांगायचं तर फवारणी थांबवून आठवडा झाला… पण वनिताला मी हे सांगितलेलं नाही. भांडं घेऊन जातेच, आणि त्या ताकाची एकटीपुरती कढी करते.

वनिता, ही पोस्ट तुला दिसली तर दिसू दे. ताक नाही दिलंस तरी चालेल गं… फक्त 'बसा काकू' म्हणत जा.